आबांची भलरी

माघ उतरणीला लागला की सकाळच्या वाऱ्याचा वास बदलतो. थंडी असते, पण तिच्यातला ओलावा गेलेला असतो. मी आता चिंचवडला चौथ्या मजल्यावर राहते. खाली रस्ता, रस्त्यावर पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या, पलीकडे पुन्हा इमारती. तरी एखाद्या सकाळी गॅलरीचं दार उघडावं आणि वाळत आलेल्या शाळूचा, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचा, तो गोडसर, धुळकट वास नाकाशी यावा, असं होतं. इथून शाळूचं सगळ्यात जवळचं रान आता चाकणच्याही पुढे असेल. सून म्हणते, "आई, तुम्हाला भास होतो." होत असेल. पण त्या वासाबरोबर माझे तळहात हुळहुळायला लागतात, आणि मग दिवसभर मी त्या एका सुगीतून बाहेर येत नाही.

पन्नासच्या दशकातली सुगी ती. आमचं गाव पवनेच्या काठाला, पिंपरी आणि चिंचवड या दोन स्टेशनांच्या मधल्या अंगाला. गाव म्हणजे शे-दीडशे घरं, एक देऊळ, एक तालीम आणि दोन खोल्यांची शाळा. नदीचं पाणी माघात इतकं निवळ असायचं की तळातले गोटे मोजावेत. शाळू पुरुषभर उंच वाढलेला, कणसं भरून वाकलेली. मचाणावरून गोफणीचा फटकारा सुटायचा आणि पाखरांचा एक अख्खा ढग उठून शेजारच्या रानात बसायचा. मग त्या रानातली गोफण वाजायची आणि ढग परत आमच्याकडे. दुपारी पुण्याहून निघालेली गाडी शिट्टी देऊन गेली की बायका भाकरीची फडकी सोडायच्या.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि त्याच गावच्या शाळेत बाई म्हणून लागले होते. दोन वर्षं पुण्यात कसब्यात मावशीकडे राहून ट्रेनिंग कॉलेज केलं होतं. मावशीच्या घरी रेडिओ होता. शेजारी एक पेटी शिकवणाऱ्या बाई होत्या. मी दोन संगीत नाटकं पाहिली होती, एका गाण्याच्या बैठकीला मागं बसून पहाटेपर्यंत ऐकलं होतं. त्या दोन वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली, असं मला वाटत होतं. कला नावाची वस्तू पुण्यात असते आणि ती पाहायला गाडीनं जावं लागतं. गावी परत आले ती इस्त्रीची पातळं आणि हा समज घेऊन.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. बोलणं कमी. दिवसाकाठी बैलांशी जितकं बोलायचे त्याच्या निम्मंही माणसांशी बोलत नसतील. आईशीही "पानी दे", "येतो", एवढंच. मला ते कधी रागावले नाहीत आणि कधी जवळ घेऊन काही सांगितल्याचंही आठवत नाही. मला वाटायचं, आबांच्या आत काही नाहीच. जमीन, बैल, पाऊस, बस्स.

त्या वर्षी पौषात शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा बघायला आले. शाळेत त्यांना बसवायला धड खुर्ची नव्हती, म्हणून हेडगुरुजींनी त्यांना आमच्या ओट्यावर आणलं. चहा झाला. साहेबांनी पिशवीतून एक छापील कागद काढला आणि मला म्हणाले, "बाई, दोन महिन्यांनी पुण्यात तालुक्यातल्या शाळांचं संमेलन आहे. प्रत्येक शाळेनं आपल्या गावची एखादी कला दाखवायची. तुमच्या गावात काय काय आहे, तेवढं इथं लिहा."

मी कागद हातात घेतला आणि हसले. "आमच्या गावात कसली आलीय कला, साहेब. इथं सगळी माती उकरणारी माणसं. मी मुलींचा पंख्यांचा नाच बसवलाय, पुण्याला पाहिला होता तसा. तोच आणते."

आबा ओट्याच्या कोपऱ्यात अंबाडीचा दोर वळत बसले होते. ते उठले, आत गेले, साहेबांचा रिकामा तांब्या भरून आणून ठेवला आणि पुन्हा दोर वळायला बसले. मला त्यात काही वाटलं नाही. वाटायला बरेच दिवस जावे लागले.

त्याच सुमारास गावात नोटिसा आल्या होत्या. लोहमार्गाच्या अलीकडची सपाट रानं मोठ्या कारखान्यासाठी घेतली जाणार होती. आमचं थोरलं रान त्यात होतं. उभं पीक काढून फाल्गुन संपायच्या आत जमीन मोकळी करून द्यायची, असा हुकूम. तो कागद मीच आबांना वाचून दाखवला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "शाळू काढू देत्याल नव्हं?" मी म्हटलं, "हो, फाल्गुनापर्यंत." ते म्हणाले, "मग ठीक हाय."

आणि शाळू काढणीला आला त्याच आठवड्यात बैल बुजला, आबा गाडीवरून खाली आले आणि चाक पायावरून गेलं. हाडवैद्यानं बांबूच्या कांब्या लावून पाय बांधला आणि दोन महिने हलायचं नाही म्हणून बजावलं. मला भाऊ नव्हता. थोरले काका मी चार वर्षांची असताना तापानं गेले होते. घरात आई, मी आणि खाटेवर आबा. बाहेर वाळून कोळ झालेला शाळू. आणखी चार दिवस गेले असते तर कणसातला दाणा रानात सांडला असता.

आईनं मग इर्जिक घातलं. इर्जिक म्हणजे अडलेल्या घराचं काम सगळ्या गावानं मिळून एका दिवसात उरकायचं. मजुरी नाही. घरधन्यानं दुपारी पोटभर जेवू घालायचं, एवढंच. आई घरोघरी जाऊन फक्त "उद्या आमच्याकडं" म्हणून आली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना चाळीसेक माणसं बांधावर उभी राहिली.

आबांनी हट्टच धरला. चौघांनी त्यांना खाटेसकट उचलून रानात आणलं आणि बाभळीच्या सावलीला ठेवलं. मीही गेले, पण पाणी द्यायला. हिरव्या किनारीचं पातळ होतं अंगावर, ते खराब होईल म्हणून बांधावरच उभी होते.

आमच्याकडे शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ताट बुडाशी धरायचं, पाय रोवून ओढायचं, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि ताट बाजूला निजवायचं. धर, ओढ, आपट, टाक. दिवसभर. केरबा नावाचा हलगीवाला पुढं उभा राहून हलगी वाजवत होता. पण त्या दिवशी काम सरेना. जो तो आपापल्या हातानं, आपापल्या वेळेनं ओढत होता. सगळ्यांच्याच रानांना नोटिसा आलेल्या. कुणी मधेच कंबरेवर हात ठेवून लोहमार्गाकडं बघत उभा राही. केरबाची हलगीही ढिली पडली. दुपारपर्यंत पाव रानसुद्धा झालं नव्हतं. आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आज हुईत न्हाई बघ."

तेवढ्यात बाभळीखालून आवाज आला. मला आधी कळलंच नाही कुणाचा. घोगरा, बराच काळ बंद असलेल्या दारासारखा. पहिल्या ओळीत तो मधेच फाटला. खाकरून त्यानं तीच ओळ पुन्हा उचलली.

"ऊन आलं गं बांधाला, ताट लागलं हाताला..."

खाटेवर कोपरावर उठून बसलेले आबा भलरी, सुगीचं कामाचं गाणं, गात होते. रान गप्प झालं. त्या ओळीला खालून सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं असतं, त्याला झील म्हणतात. पण कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. आबा ओळ तशीच टांगून थांबले. मग माझ्या शेजारून, अगदी बारीक पण सरळ आवाजात, आईनं झील दिली.

"भलं गड्या, भलं."

केरबानं हलगी विस्तवावर धरून शेकली आणि नीट ताणून वाजवली. दुसऱ्या ओळीला दहा जणांची झील आली, तिसऱ्याला चाळीस जणांची. 'भलं'ला धरायचं, 'गड्या'ला ओढायचं, दुसऱ्या 'भलं'ला माती आपटायची. चाळीस ताटं एकदम जमिनीबाहेर येत होती आणि त्या आपटण्याचा एकच आवाज उठत होता, धप्प. मी तसा ताल पुण्याच्या बैठकीतसुद्धा ऐकला नव्हता. ऐकला असेल, पण असा पायाखालून वर येताना नाही.

आणि आबा थांबेनात. आईच्या स्वैपाकावर एक ओळ, केरबाच्या मिशीवर एक, पाखरांवर एक. शेजारचा भिवा मागं पडला तर त्याच्यावर एक, तशी बायका हसल्या आणि भिवा तिरीमिरीनं पुढं सरकला. रानाच्या मालकीणबाईवर, म्हणजे काळ्या आईवर, सलग पाच-सहा ओळी आल्या. ती आता सासरी चालली, तिची ओटी भरा, असं काहीतरी होतं. त्या ओळींना झील देताना माणसं रडत होती आणि ओढत होती. हे सगळं ते जागच्या जागी रचत होते. माझे मुके आबा.

मी पातळाचा काचा मारून रानात कधी उतरले ते आठवत नाही. पहिल्या तासाभरात तळहाताला फोड आले, दुसऱ्या तासात ते फुटले. झील मात्र सोडली नाही. दिवस मावळायच्या आत रान मोकळं झालं होतं.

घरी आल्यावर आईनं माझ्या हातांना तेल-हळद लावली. मी तिला विचारलं, "आबा गातात, हे मला कधी सांगितलं नाहीस."

"गात व्हते," आई म्हणाली. "तुझं थोरलं काका आन ह्ये. जोडी व्हती. ह्यांनी वळ टाकायची, त्यांनी उचलायची. चाकण-खेडपतुर बोलावनं यायचं इर्जिकाला. काका गेलं तवापासनं तोंड उघडलं न्हाई. गावानंबी मग भलरी सोडली."

दुसऱ्या दिवशी मी शाळेची एक कोरी वही घेऊन खाटेजवळ बसले. म्हटलं, "आबा, कालची भलरी सांगा. लिहून घेते."

ते म्हणाले, "कोनती? ती काल झाली की."

"मग पुन्हा म्हणा."

"रान कुटं हाय आता म्हनायला?"

मी वही मिटली. मग जे मनात कुरतडत होतं ते बोलले. "त्या दिवशी साहेबांपुढं मी जे बोलले, ते तुम्ही ऐकलं होतं."

"व्हय."

"मला माहीत नव्हतं, आबा."

"तुला कुटनं ठावं असनार. तुझ्यापुढं कुनी म्हनलंच न्हाई." त्यांनी पाय जरा सरकवला, कण्हले, आणि म्हणाले, "लिव. पर सावकाश. मला आठवून सांगाया लागंल."

त्या माघात मी रोज शाळा सुटल्यावर खाटेजवळ बसे. नुसती भलरी नव्हती ती. मोट हाकतानाची गाणी वेगळी, मळणीला बैल फिरवतानाची वेगळी, वारं पडलं तर त्याला हाक मारायची वेगळी. आबा थकले की आई जात्यावरचं सांगे. मग केरबा येऊ लागला, भिवाची म्हातारी आई येऊ लागली. आमच्याच आळीत, आमच्याच चार भिंतींच्या पलीकडे हे सगळं माणसांच्या मनात पडून होतं, आणि मी गाडीत बसून पुण्याला गेले होते. आजही एखाद्या शाळेत मला बोलावतात आणि मुलं विचारतात, "आजी, तुम्हाला लोकगीतांची आवड कशी लागली?" तेव्हा उत्तर देताना मला थोडी लाज वाटतेच.

पंख्यांचा नाच मी रद्द केला. आठ मुलींना भलरी शिकवली. नऊवारी नेसवली आणि रंगमंचावर शोभून दिसेल म्हणून पुठ्ठ्याचे विळे करून चांदीचा कागद चिकटवला. पुण्याच्या त्या सभागृहात मुली छान गायल्या. टाळ्या पडल्या. साहेब येऊन म्हणाले, "बाई, सापडली म्हणायची कला." आबांना भिवानं गाडीत घालून आणलं होतं, ते शेवटच्या बाकावर पाय आडवा टाकून बसले होते. परतताना मी विचारलं, "कसं झालं?"

"ग्वाड झालं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आपन शाळू कापत न्हाई, शांते. उपटतो."

"माहीत आहे. विळे दिसायला बरे दिसतात म्हणून..."

"आन पोरी दमल्या न्हाईत." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मला तेव्हा ते लागलं. वाटलं, इतकं करूनही यांना कौतुक नाही.

फाल्गुनात रान गेलं. तारेचं कुंपण पडलं, खांब रोवले गेले, पावसाळाभर तिथं चिखल आणि विटा. आबांचा पाय जुळला, पण लंगड राहिली. कारखान्याच्या बांधकामावर त्यांना रखवालदाराचं काम मिळालं. आपल्याच रानाच्या फाटकावर, हातात काठी घेऊन. कामावर माणसं कुठून कुठून आली होती. बीड-लातूरकडची, सोलापूरची, तळकोकणातली. एकाची बोली दुसऱ्याला कळायची नाही. गावातली माणसं त्यांच्याशी बोलत नसत आणि ती गावाशी. आबा पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. येत, जेवत, निजत.

पुढच्या माघातली गोष्ट. एक मोठा बॉयलर रेल्वेनं येऊन स्टेशनाच्या आवारात उतरला होता. तिथून तो लाकडी ओंडक्यांवरून ढकलत, दोरांनी ओढत कारखान्यापर्यंत आणत होते. शाळा रस्त्याच्या कडेलाच होती. मुलींचं लक्ष अभ्यासात लागेना, म्हणून त्या सकाळी मी वर्गच कुंपणापाशी नेला. घराएवढा काळा बॉयलर फाटकाच्या आत येऊन रुतला होता. आमचीच काळी जमीन, बांधकामाच्या पाण्यानं चिखल झालेली. दोन दोरांना साठ-सत्तर माणसं लागली होती. मुकादम शिट्टी वाजवी, पण शिट्टीचा अर्थ जो तो आपापला लावी. डावीकडचे ओढत तेव्हा उजवीकडचे दम घेत. मग उजवीकडचा दोर सुटून तिघं जण तोंडावर आपटले, एकाचं कपाळ फुटलं. मुकादम शिव्या द्यायला लागला.

आबा काठी टेकत त्याच्याजवळ गेले. कुंपणाच्या इकडे मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"मुकादम, शिट्टी ऱ्हाऊ द्या जरा. मी म्हनतो, त्यावर वढू द्या."

"तुम्ही रखवाली करा, बाबा."

"करतो की. एकडाव बगा तरी."

मुकादम घाम पुसत बाजूला झाला, होकार म्हणून की वैताग म्हणून, कुणास ठाऊक. आबांनी काठी मातीत रोवली आणि ओळ टाकली. काळ्या रेड्याला घरी न्यायचंय, असं काहीतरी त्या ओळीत होतं. दोराची माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. कुणाला माहीत असणार झील द्यायची असते म्हणून. ओळ हवेत तशीच राहिली, आणि मला एका वर्षापूर्वीचं ते गप्प रान आठवलं.

पण माझ्या आजूबाजूनंच आवाज आला. कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या माझ्या मुली, मागच्या वर्षी पुठ्ठ्याचे विळे घेऊन नाचलेल्या, एका सुरात ओरडल्या, "भलं गड्या, भलं."

आबांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. दुसरी ओळ त्यांनी आमच्याकडं बघत टाकली आणि मुलींनी पुन्हा झील दिली. तिसऱ्या ओळीला लातूरकडचा एक जण हसून त्यात मिळाला, मग सगळेच. 'भलं'ला दोर धरले, 'गड्या'ला साठ पाठी एकदम मागं वाकल्या, आणि बॉयलर चिखलातून चुळबुळला. हातभर सरकला. मग आणखी हातभर. मी मुलींना आवरायला हवं होतं, बाई होते ना मी. पण मीही ओरडत होते. दुपारच्या भोंग्याला बॉयलर चौथऱ्यापाशी पोचला होता. माणसं जिथल्या तिथं बसली, धापा टाकत, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. कपाळ फुटलेल्याला, गाणं ऐकून गावातून धावत आलेल्या भिवानं स्वतःच्या मुंडाशाची पट्टी फाडून बांधली.

जेवणाच्या सुट्टीत वेंगुर्ल्याकडचा सावळाराम नावाचा गडी आबांजवळ आला आणि म्हणाला, "आमच्याकडे व्हडी वाळूत वढताना असाच म्हणतत."

आबा म्हणाले, "मग म्हन की."

त्यानं म्हटलं. आबांनी भाकरी हातात तशीच धरून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. संध्याकाळी ते सावळारामला घरीच घेऊन आले. आईनं पिठलं टाकलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, आणि त्याच्यामागून लातूरचे दोघं आपापली गाणी घेऊन.

आबांना कोकणातले शब्द वळत नसत. ते त्यांचे स्वतःचे घुसडून टाकत, सावळाराम कपाळाला हात लावी आणि आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसे. पन्नाशीच्या त्या माणसानं समुद्र कधी पाहिला नव्हता. गाण्यात भरतीची ओळ आली की ते थांबत आणि विचारत, "सावळाराम, पानी वर चढतं म्हंजे नेमकं कसं चढतं रं?" सावळाराम उठून ओट्यावर दोन्ही हात पसरून दाखवी, इथपर्यंत, मग इथपर्यंत, आणि तुळशीपाशी उभी असलेली आई खरंच पाणी आल्यासारखी पाय मागं घेई. आबा मान डोलवत, पुरतं समजल्यासारखं, आणि ओळ पहिल्यापासून उचलत.